रुचिरची बोट आणि देवश्रीची सही

मी, जयू शरच्चंद्र टोकेकर, वय वर्षे त्र्याहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असं घरात कोणी उरलेलंही नाही.

१. ह्यांनी रेल्वेची नोकरी करून बांधलेलं आणि आता माझ्या नावे असलेलं राहतं घर माझी मुलगी देवश्री आणि दिवंगत मुलगा रुचिर याची पत्नी अमृता यांना समसमान मिळावं. अमृताला हे पटणार नाही, म्हणून कारण लिहिते.

देवश्री वनखात्यात अधिकारी. तिची नेमणूक कोकणात, समुद्रातल्या अभयारण्यावर होती. रुचिर तिच्याकडे सुटीला गेला आणि समुद्राच्या नादी लागला. भागीदारीत ट्रॉलर घेतला. चार वर्षांपूर्वी तोच ट्रॉलर बंदी असलेल्या भागात जाळं ओढताना पकडला गेला. जाळ्यात मेलेली कासवं निघाली. रुचिर बोटीवरच होता. पकडणारी देवश्री.

"ताई, माझं नाव नको ना घालूस," तो म्हणाला. तिने पंचनाम्यात नाव घालून सही केली. मी फोनवर रडले, "सख्खा भाऊ आहे गं तुझा!"

ती म्हणाली, "आई, याआधी ज्यांना धरलं, त्यांनाही आया होत्याच."

मी फोन ठेवला.

वकील म्हणाले, जाळ्यात कासवं मारणं हीही शिकारच, आणि अभयारण्यातल्या शिकारीला तीन वर्षांहून कमी सजा कायद्यातच नाही. बोट सरकारजमा झाली. देवश्रीने साक्ष दिली तेव्हा रुचिरने मान वर केली नाही. सजेच्या पहिल्याच वर्षी तुरुंगात कावीळ झाली आणि माझा मुलगा गेला.

शिप्रेच्या राम घाटावर अस्थी सोडायला देवश्री आली. अमृता सगळ्यांदेखत म्हणाली, "हिने हात लावायचा नाही." देवश्री मागे सरली आणि वरच्या पायरीवरच उभी राहिली. निघताना मी हाक मारली. ती आली नाही.

अमृता, तुझे हाल मी रोज बघते. पण रुचिरला देवश्रीने मारलं नाही. बोट त्याने नेली होती.

२. बँकेतली ठेव आणि भैरवगढच्या छापाच्या माझ्या साड्या अमृताला.

३. रुचिरचा भागीदार प्रकाश माझ्या तेराव्याला येऊ नये. "मी तर नावापुरता होतो" म्हणून तो सुटला. आता दुसरी बोट चालवतो म्हणे. आलाच तर चहासुद्धा विचारू नये.

४. रुचिरचे कपडे अजून कपाटात आहेत. त्यांचं काय करावं, मला सांगता येत नाही. कोणीतरी ठरवा.

५. मला अग्नी देवश्रीने द्यावा. तिची बदली लांब झाली आहे, पोचायला वेळ लागेल. लोक घाई करतील. अमृता, तू त्यांना सांग: ती येईपर्यंत मला उचलायचं नाही.

वरचं सगळं पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

जयू शरच्चंद्र टोकेकर

साक्षीदार:
१. सायली रोहन दिघे, शेजारीण
२. डॉ. अनसूया पारनेरकर

उज्जैन, दि. ९ फेब्रुवारी २०२५