नव्या माणसांना घडवण्याबाबत

३ जून, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टीममध्ये दोन नवी माणसं येतायत, त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे. महिनाअखेर टीम लीडचं नाव जाहीर करायचंय, तेव्हा जरा मनावर घ्या, असंही म्हणाले. म्हणजे लीड मीच. साहेब उघड बोलत नाहीत, पण मला माणसं कळतात. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं हे सॉफ्टवेअर मी एकट्यानं उभं केलंय. (बाकीचे होते, पण सोडून गेले. त्याच्याशी माझा काही संबंध नाही.)

संकल्प: नव्यांना हाताला धरून शिकवायचं. चिडायचं नाही. आणि माझ्या डोक्यात असलेलं सगळं एकदाचं लिहून काढायचं.

घरी बायकोला सांगितलं. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. म्हणाली, मी पहिल्या दिवशी पोरांना फक्त पाण्याचा नळ आणि संडास दाखवते, बाकीचं मग. मी हसलो. आमच्या क्षेत्रातलं तिला काय कळणार!

४ जून, मंगळवार
लिहायला बसलो. दिवसभरात शीर्षक झालं. फॉन्टही ठरला. संध्याकाळी लक्षात आलं की लिहून ठेवलं की माणसं विचारायला येत नाहीत. संवाद तुटतो. आजकाल संवाद उरलाय कुठे? लिहिण्याचा संकल्प रद्द. तत्त्व म्हणून.

५ जून, बुधवार
दोघं आले. एक मुलगी, सारखी प्रश्न विचारते. तिचं नाव मी मनातल्या मनात प्रश्नावली ठेवलंय. दुसरा कानाला हेडफोन लावून गप्प. तो मौनीबाबा.

सॉफ्टवेअरचा इतिहास सांगायला घेतला. या प्रोजेक्टच्या बारशाला जेवलेला मी, त्यामुळे ओघ आवरत नाही. एक बटण हिरव्याचं निळं का झालं, यातच जेवणाची सुट्टी गेली. प्रश्नावलीनं विचारलं, लॉगिन कधी मिळेल? मूळ विषय सोडून भलतंच. मौनीबाबानं अख्ख्या दिवसात एकच प्रश्न विचारला: संडास कुठे आहे?

हे बायकोला सांगितलेलं नाही.

७ जून, शुक्रवार
लॉगिन मिळाली, पण दोघांच्या मशीनवर सॉफ्टवेअर सुरू होईना. प्रश्नावली म्हणाली, मशीन लावायच्या पायऱ्या कुठे लिहिल्यात का? मी सांगितलं, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. ती म्हणाली, सर, पाणी कुठंय तेवढं तरी सांगा. उद्धट नाही, पण त्या वळणावर आहे.

शेवटी मीच फोनवर बोलता बोलता दोन्ही मशीन्स लावून दिली. नेमकं काय केलं ते आठवत नाही. काही गोष्टी डोक्यात नसतात, हातात असतात.

१२ जून, बुधवार
एक गंमत बघतोय. मी लॅपटॉप मिटून जेवायला गेलो की दोघांचं काम बंद पडतं. परत येऊन लॅपटॉप उघडला की सुरू! मी काही करतही नाही, नुसता बसतो. याला म्हणतात हातगुण. प्रश्नावली आज माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत होती. आदर असावा.

१४ जून, शुक्रवार
लॅपटॉप मिटून साहेबांबरोबर सकाळभर मीटिंग. तेवढ्यात बाहेर सगळं ठप्प. साहेबांनी विचारलं, नव्यांचं काम इतकं सावकाश का? मी नम्रपणे सांगितलं की माझ्यावाचून त्यांचं पानही हलत नाही. साहेब गंभीर झाले. लीडचाच विचार मनात आला असणार.

१७ जून, सोमवार
युक्ती सुचली. माणसाची किंमत माणूस नसताना कळते. बुधवारपासून तीन दिवस रजा टाकली. साहेब दचकले. म्हणाले, आत्ता? नव्यांचं काय होणार? मला हाच प्रश्न हवा होता. गालातल्या गालात हसत लॅपटॉप घरी न्यायचं ठरवलं.

१९ जून, बुधवार. सकाळ
फोन पूर्ण चार्ज. आंघोळीला जातानाही बरोबर नेला. तिकडे एव्हाना हाहाकार उडाला असेल. उगाच कुणाचं वाईट चिंतू नये, पण उडालाच असेल.

दुपार
आला! प्रश्नावलीचा फोन. घाबरलेली वाटली नाही. एवढंच विचारलं की सर, तुमचा लॅपटॉप बंद आहे का? म्हटलं, अर्थात, रजेवर आहे मी. ती अच्छा म्हणाली आणि फोन ठेवला.

धीर धरायचं नाटक करतायत.

२१ जून, शुक्रवार
एकही फोन नाही. बायकोच्या फोनवरून स्वतःला लावून बघितला. लागतो. ती म्हणाली, घरात बसून जीव खाण्यापेक्षा माळा आवरा. माझी तब्येत बरी नाही.

२४ जून, सोमवार
कळलं. सगळ्यांच्या कामाचा डेटाबेस इतके दिवस माझ्या लॅपटॉपवर होता म्हणे. त्या दिवशी फोनवर बोलता बोलता मीच दोघांची मशीन्स त्याला जोडली होती. लॅपटॉप मिटला की सगळ्यांचं सगळं बंद. प्रश्नावलीनं बुधवारीच ऑफिसच्या सर्व्हरवर नवा उभा केला आणि मशीन लावायच्या पायऱ्या एका पानावर लिहून काढल्या. माझ्या रजेत आणखी एक नवा माणूस आला. तो पान वाचून चहाच्या सुट्टीपर्यंत कामालाही लागला. बटण निळं का झालं, हे त्याला माहीत नाही. काम मात्र करतोय.

पाया तकलादू आहे, असं मी साहेबांना म्हणालो. साहेब त्या माणसाचं काम बघण्यात गर्क होते.

२८ जून, शुक्रवार
टीम लीड: प्रश्नावली. टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या, हे साहेबांच्या नजरेत आलं असेलच. ती भाषणात म्हणाली, सरांकडून खूप शिकले. काय शिकली, ते सांगितलं नाही. घरी आल्यावर बायकोनं पाणी आणून दिलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लिहून टाकतो, वाचणार कोण आहे?

१ जुलै, सोमवार
गप्प बसणाऱ्यातला मी नाही. आठवडाभराच्या रजेचा अर्ज टाकला. अर्ज आता तिच्याकडे जातो. नवी लीड, पहिलाच आठवडा, अनुभवी माणूस रजेवर! धावत येईल, गयावया करेल, मग मी मोठ्या मनानं अर्ज मागे घेईन. उत्तरही तयार ठेवलं होतं.

चहा गार व्हायच्या आत मंजुरी आली. खाली लिहिलं होतं: सर, आठवडा कशाला, सावकाश या. लॅपटॉप घेऊन गेलात तरी चालेल.