कादंबरी संपल्याशिवाय उठणार नाही

हवाना

लाडक्या निकासिओ,

तुझा खोकला थांबला का? तुझ्या बायकोचे, ओब्दुलियाचे, गुडघे कसे आहेत? पोरं शाळेत जातात, की तंबाखूच्या शेतातच हुंदडतात? मी मजेत. सकाळी बोटं जरा आखडतात, एवढंच.

सध्या आम्ही सिगार वळत असताना कारखान्याचा वाचक लिओनिदेस नवी कादंबरी वाचून दाखवतोय. आम्हीच हात वर करून निवडली. आजकालची एक शिंपीण शंभर वर्षं मागे जाते आणि दीपगृहाच्या राखणदारावर तिचा जीव जडतो. अख्खा कारखाना जिवाचे कान करून ऐकतो!

परवा नवा मुकादम म्हणाला, "आजीबाई, या वयात प्रेमाच्या गोष्टी? उद्यापासून फक्त वर्तमानपत्र. नाहीतर घरी बसा."

मी म्हटलं, "बाळा, पुस्तक आम्ही ठरवतो. या वयात नाही ऐकायच्या, तर कधी? वाच रे लिओनिदेस!" सगळ्यांनी पानं कापायच्या सुऱ्या मेजावर अशा बडवल्या की मुकादमाचं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही.

तूही लिहितोस, पुरे झालं, घरी ये. नाही येत, जा! शिंपीण परतते की तिथेच राहते, ते कळल्याशिवाय मी बाकावरून उठायची नाही. तिनं तिथेच राहावं, असं माझं ठाम मत आहे. ओब्दुलियाला काय वाटतं, ते विचारून लगोलग लिही.

तुझी हट्टी ताई,
एउदेलिया