एकतिसावं पान

३ मार्च

स्मरणिकेचं काम अखेर माझ्याच गळ्यात! वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा "इतिहास तुम्हीच लिहा, बाई, ग्रंथपाल आहात" — इति अध्यक्ष. इतिहास कसला, त्यांच्या आजोबांचा पोवाडा! वकीलसाहेबांनी म्हणे स्वतःची अकराशे पुस्तकं दिली आणि शहराला वाचायला शिकवलं. हे सांगताना पेन्सिलीनं कान कोरणं चालू. जाताना ती पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवून गेले. कागदात धरून कचऱ्यात टाकली.

५ मार्च

दिवसभर तळघरात. उंदरांच्या लेंड्या, ओल, वास. जेवण गेलं नाही.

६ मार्च

वकिलाच्या पुस्तकांत काहीतरी गोम आहे. पहिलं पान खरवडलेलं — ब्लेडनं, इतकं की पलीकडची अक्षरं दिसावीत. चाळीस पुस्तकं काढून पाहिली. चाळीसही तशीच!

८ मार्च

सापडलं!

पहिलं पान कुणीही फाडू शकतो, म्हणून प्रत्येक वाचनालय आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतं. आमचं पान एक्कावन्नावं. आज एकेक पान उलटत गेले, तर एकतिसाव्यावर जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का — 'हमाल वाचनालय, मालधक्का'. दुसऱ्या पुस्तकात तोच. तिसऱ्यात तोच.

म्हणजे पोती वाहणाऱ्यांची पुस्तकं आणि दाता कोण, तर वकील! आयत्या बिळावर नागोबा. आणि चोरही असा वेंधळा की आतलं पान खरवडायलाच विसरला. त्याच्या तसबिरीखालून रोज जाते मी. थू!

१० मार्च

अध्यक्षांना दाखवलं. चष्मा न लावताच म्हणाले, "अहो, कोळसा उगाळावा तितका काळाच. तपशिलात कशाला शिरता?" मग बोटाला थुंकी लावून पान उलटलं — एकतिसावंच! कडेला ओला डाग. मी रुमालानं टिपला आणि रुमाल कचऱ्यात टाकला. लेख पंधराला छापखान्यात गेला पाहिजे. "आणि आजोबांचा फोटो जरा मोठा घ्या."

लिहीन तर खरं लिहीन. नाही तर त्यांनी दुसरं कुणी बघावं.

१२ मार्च

बाइंडरकाका शिवायची पुस्तकं न्यायला आले. वय सत्तरीपुढचं, पण पाठीवरचा गठ्ठा कुणाला उचलू देत नाहीत. त्यांचे वडील मालधक्क्यावर हमाल होते, हे मला आज कळलं. वीस वर्षं माझ्यासमोर बसून चहा घेतात, कधी विचारलंच नाही!

तावातावानं शिक्का दाखवला. "बघा काका, चोरी!"

काकांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "चोरी कुठली, बाई? आमच्याच हमालांनी दिली. धक्का वाढवायला आमची वाचनालयाची खोली पाडली, तेव्हा हातगाडीवर घालून इथं आणली. वडील सांगायचे ना. वकिलानं जागा दिली अन् स्वतःचं नाव लावून घेतलं. घेऊ दे."

"मग शिक्के कुणी खरवडले?"

"आम्हीच. हमालांचा शिक्का दिसला की इथले मेंबर पुस्तकाला शिवेनात. सूचनावहीत लेखी तक्रार केली चौदा जणांनी. मग वडील अन् त्यांचे सोबती बसले ब्लेड घेऊन. पुस्तकं कुजण्यापेक्षा नाव गेलेलं बरं."

"आणि एकतिसावं पान विसरले?"

काका हसले. "विसरतील कशानं? मुद्दाम ठेवलं. तीस पानं वाचून झाल्यावर कोण पुस्तक टाकून देतंय?"

काका गठ्ठा उचलून गेले.

वकिलाचा राग येत होता, तो आता कुठल्या कुठे गेला. शिसारी येते ती त्या चौदांची. इस्त्रीचे कपडे, काखेत पुस्तक, बोलणं मधाळ — आणि आत ही घाण! ज्यांची पुस्तकं वाचायची, त्यांच्याच हातांचा विटाळ! ती वही शोधून काढीन. चौदाच्या चौदा नावं लेखात छापीन. नातवंडांना मान खाली घालावी लागली तर लागू दे. माझं काय जातं?

१३ मार्च

वही नाही. माळा, कपाटं, अध्यक्षांच्या खुर्चीमागचं फडताळ — सगळीकडे नुसती धूळ.

१४ मार्च

सापडली. तळघरात, जुन्या पावतीपुस्तकांखाली. 'हमालांच्या हातची पुस्तके घरी नेण्याची आम्हांस किळस वाटते. ती त्वरित हलवावीत.' खाली चौदा सह्या. मजकूर लिहिणाऱ्याचीच सही पहिली. नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. माझे आजोबा. मला मांडीवर बसवून वाचायला शिकवलं, ते.

लेखात नावं घालायला बसले आहे. तेरा लिहून झाली.