समोरची माडी आणि आईचा ओटा

भवानी पेठ, सोलापूर
वैशाख, सन १९३४

तीर्थरूप महिपतीमामांच्या पायांवर द्वारकाचा नमस्कार.

गल्लीतल्या उन्हातली हवा आणि सावलीतली हवा सारखीच तापलेली असेल, तर सावलीत बसणाऱ्याला बरे का वाटावे? मामा, मी बी.ए. झाले, पण याचे उत्तर मला येत नाही. तुमची प्रकृती कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आई आता बरी आहे. ('आता' का म्हणते, ते पुढे येईलच.)

समोरचे सूतव्यापारी शिवलिंगप्पा तुमच्या ओळखीचे. त्यांनी माघात घरावर माडी चढवायला घेतली. अरुंद गल्लीत उंच घरे उठली की ऊन अडते आणि रोग वाढतात, असे मी आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. (ते पुस्तक थंड देशात लिहिलेले होते, हे माझ्या ध्यानात उशिरा आले.) मी म्युनिसिपालिटीकडे तक्रार केली. आपल्यासारख्यांची तक्रार तिथे कोणी ऐकत नाही म्हणतात. माझी दुर्दैवाने ऐकली. भिंत कमरेइतकी उठून थांबली.

चैत्र लागला आणि गल्लीला त्या भिंतीची आठवण होऊ लागली. शिवलिंगप्पांचे घर पश्चिमेला, आमचे पूर्वेला. दुपार कलली की त्यांच्या घराची सावली आमच्याकडे निघते आणि अर्ध्या वाटेत थांबते. माडी झाली असती तर ती आमच्या ओट्यावर चढली असती. आमची पत्र्याची खोली त्या वेळी तव्यासारखी तापते, म्हणून आई मागाच्या सुताच्या कांड्या भरायचा रहाट घेऊन ओट्यावर बसते. शेजारच्या साऱ्या बायका आपापले रहाट उचलून समोरच्या भिंतीखाली गेल्या. आई जाईना. "माज्या पोरीनं थांबवलेल्या भिंतीखाली मी कुटल्या तोंडानं बसू?" असे तिचे म्हणणे.

मग मी शिकवते त्या शाळेतून तापमापक आणले. त्यावर ऊन पडू द्यायचे नाही असा नियम आहे, म्हणून छत्री धरून दोन्हीकडची हवा मोजली. फरक जवळजवळ नव्हताच. हे मी बायकांना समजावून सांगितले. शेजारच्या बजाबाई म्हणाल्या, "काचंच्या कांडीला छत्री धरलीस की गं! आईला कोन धरायचं?" बायका खूप हसल्या. आई मात्र हसली नाही. पोर बी.ए. हाय, ती सारखं म्हणते म्हंजी सारखंच हाय, असे सर्वांना ऐकू जाईल असे म्हणून ती पुन्हा उन्हात बसली, आणि दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन रहाटावर पडली. बजाबाईंनीच तिला उचलून सावलीत नेले. (शुद्धीवर आल्यावर आईने पहिल्यांदा विचारले, "मी कुणाच्या भिंतीखाली हाय?")

त्याच संध्याकाळी मी शिवलिंगप्पांकडे जाऊन तक्रार मागे घेते म्हणाले. त्यांनी ताक दिले आणि म्हणाले, "पोरीच्या शब्दावर मी इटा चढवनार न्हाय, बाई. उद्या तू दुसरं पुस्तक वाचशील. तुज्या मामाला बोलू दे." तक्रार माझी, सही माझी, हे मी दोनदा सांगितले. (कामाला अडवताना बाईची सही चालते, सोडवताना पुरुषाचा शब्द लागतो. याविषयी मी एक लेख लिहिणार आहे.) ताक चांगले होते.

आई आजही आमच्याच ओट्यावर बसते. वैद्यांनी बजावले आहे की पुन्हा पडली तर अवघड होईल.

आपली आज्ञाधारक भाची,
द्वारका

ता. क. : एवढे लिहिण्याचे कारण असे की तुम्ही एकदा मोडनिंबहून येऊन शिवलिंगप्पांना "माडी बांधा" एवढे दोन शब्द म्हणावेत. तुमची इच्छा नसल्यास आग्रह नाही.

पुन्हा ता. क. : काल हे पत्र टाकायला निघाले, तर आई पदर डोक्यावर घेऊन उन्हात कांड्या भरत होती. म्हणून टपालाकडे न जाता समोर गेले आणि मामांनी होकार कळवला आहे, असे सांगून आले. शिवलिंगप्पांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. गवंडी आज सकाळपासून वर चढले आहेत.