लालासाहेब सापडत नाहीत

३ जून १९७८, कुपवाड
कारखान्यात कॉम्प्युटर आला. इन्चार्ज मीच होणार, अख्ख्या कुपवाडात माझ्याएवढं इंग्रजी कुणाचं आहे? फक्त वीस तारखेला चेअरमन लालासाहेबांना मशीन चालवून दाखवायचं. जोडीला दस्तगीर. माणूस बरा, आमचा डबा एकत्र असतो.

५ जून
सिस्टीम कॉल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला मारलेली हाक. फाइल उघड, फाइल पूस, वगैरे. कमांड टाइप करायची आणि मशीन ओ देतं का बघायचं. आज वेळ विचारली. सकाळी अकराला पहाटेचे तीन सांगितले. मी माझं घड्याळ लावून घेतलं. मशीन परदेशी आहे.

११ जून
साहेबांच्या स्वागताचा मजकूर फाइलमध्ये ठेवला. फाइलचं नाव LALASAHEBSWAGAT. पुस्तकात लिहिलंय, मशीन नावाची पहिली सहाच अक्षरं धरतं. धरू दे. परदेशात नावं आखूड. आमच्याकडे साहेबांचं अर्धं नाव घेतलं तर नोकरी जाते.

१९ जून
‘पूस’ ही हाक तेवढी राहिली होती. एक फालतू फाइल केली, LALASAHEBCHACHNI, आणि पुसली. मशीनने हूं की चूं केलं नाही. मौन म्हणजे संमती. दारावरची पाटी रंगवायला टाकली : आप्पासाहेब, कॉम्प्युटर इन्चार्ज.

२० जून, संध्याकाळी
दगा! शुद्ध दगा!
स्वागताची फाइल उघडायची कमांड दिली. मशीन खडखडलं आणि कागदावर उमटलं, LALASA NOT FOUND. साहेब समोर उभे. म्हणाले, आमी हितं हाय की रं! मग चष्मा लावून परत वाचलं नि आवाज चढला, आनि आमचं ‘हेब’ कुनी खाल्लं? मी मशीनकडे बोट दाखवलं.
दस्तगीर टेबलाआड बसून हसत होता. माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेला माणूस! म्हणाला, गड्या, सहा अक्षरांत दोन्ही नावं एकच, तूच काल स्वागत पुसलंस.
असेल. पण मशीनने एका शब्दाने विचारू नये? इतके दिवस इतक्या मायेने हाका मारल्या. फार लागलं मनाला.

२३ जून
दस्तगीर इन्चार्ज. माझी बदली लोणंदच्या गोडाऊनला. बरंच झालं. तिथे मशीन नाही, माणसाची किंमत माणूसच करेल.

२६ जून, लोणंद
रुजू झालो. वॉचमन केरबा म्हणाला, या आप्पा. मी म्हणालो, आप्पासाहेब म्हण. त्याने माझ्या मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, सायेब हितं न्हाईत, कुपवाडला असत्यात.