इंटरवलच्या पुढचं

माय, आज रविवार आहे आणि मी वाचनालयातल्या बैठकीला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवून टाकलं. डोकं काही दुखत नाहीये, नुसतं भणभणलंय. पंधरा दिवस झाले, आधी लोकांवर चिडत होते, मग स्वतःवर चिडले, आणि आता चिडायलाही कुणी उरलं नाही म्हणून तुझ्यासमोर वही घेऊन बसले. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आणि सुचलं ते हे असं. ‘आली का गाऱ्हाणं घिऊन,’ तू म्हणाली असतीस, आणि हातातलं काम न सोडता ऐकत राहिली असतीस.

तर आम्ही जालन्यात पंधरा-वीस जण महिन्यातून दोन रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. कुणी मास्तर, कुणी बँकेतले, दोघी डॉक्टर, एक निवृत्त साहेब. गेल्या पंधरवड्यात कोणते सिनेमे पाहिले ते सांगायचं, एक आपल्याकडचा आणि एक परदेशातला. आता दुनियेभरचे सिनेमे मोबाइलवर येतात. माणसं त्यांच्या भाषेत बोलतात आणि खाली इंग्रजीत अक्षरं उमटत राहतात, ती वाचत वाचत पाहायचं. हे सगळं मीच सुरू केलं, तीन वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेनं. वाटलं होतं, शाळा, स्वयंपाक, लग्नकार्यं यांच्या पलीकडचं काहीतरी या गावात बोललं जाईल. काय बोललं जातं ते ऐक. निवृत्त साहेब प्रत्येक सिनेमाची सुरुवात ‘माझा मुलगा तिकडे असतो ना’ अशी करतात आणि शेवटही मुलावरच करतात. एक गृहस्थ सिनेमा दुप्पट वेगानं पळवून पाहतात आणि वर म्हणतात, फार संथ आहे हो. एका बाईंनी ग्रुपवर एवढं लांबलचक मत टाकलं की मी भारावून गेले, आणि दुसऱ्या दिवशी तेच मत शब्दनशब्द एका वेबसाइटवर सापडलं. बाकीच्यांचं ‘सुंदर’, ‘बरा’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’. पाचपैकी साडेतीन तारे. सिनेमा कोरियातला असो की कोल्हापूरचा, तारे साडेतीनच.

मग मी चिडून एक नियम केला. पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या दारावर चिकटवला. मास्तरणीला दुसरं काय येतं? कुणी बोलायला लागलं की मी मध्येच एखादा प्रश्न टाकायचे, ‘शेवटी तो कुठे जातो?’ ज्याला सांगता आलं नाही तो पकडला जायचा. लोक हसायचे, आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. या सगळ्यांत एक माणूस तर माझा फार आवडता होता, कारण तो कधी साडेतीन तारे द्यायचा नाही. हा माणूस एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये काम करतो, रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर थेट येतो, हातावर भाजल्याचे डाग आहेत. मागच्या खुर्चीवर बसायचा. बहुतेक वेळा नुसता ऐकायचा.

त्या रविवारी तो पहिल्यांदाच परदेशी सिनेमावर बोलायला उठला. बर्फाळ गावातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. एक तरुण बाई त्याच्या घरी येते, दोन दिवस राहते, आणि जाते. मीही तो पाहिला होता. तो म्हणाला, ‘ती त्याची लेक हाये. लई दिवसांनी घरी आली. दोघायलाबी बोलायचं हाये, पन पहिलं कोनी बोलायचं?’ पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कारण ती बाई त्याची लेक नाहीच, माय. ती सरकारी माणूस आहे, धरणात जाणाऱ्या त्या घराची नोंद करायला आलेली. पहिल्या पाच मिनिटांतच ती तसं सांगते. हसू पसरत गेलं. मला वाटलं, हासुद्धा? यानंही न पाहता ठोकून दिलं? आणि मी माझा वर्गातला आवाज काढला. म्हणाले, ‘दादा, तुम्ही सिनेमा पाहिलेलाच नाही. नियम दारावर लिहिलाय.’

तो मग म्हणाला, ‘पाह्यला ना, मॅडम. दोनदा पाह्यला. खालचं इंग्रजी न्हाई वाचता येत आपल्याला. म्हनून तोंडं पाहत बसलो.’ आता कुणीच हसत नव्हतं. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण लागलेली मोटार लगेच बंद होत नाही. मी म्हणाले, ‘पण ती लेक नाही ना? मग ते चूकच झालं.’ त्यानं मान हलवली. ‘मंग बराबर आसंल तुमचं. शिकलेल्या हायेत तुम्ही.’ खुर्चीवरचं हेल्मेट उचललं आणि जिना उतरून गेला. दुपारी तो ग्रुपमधूनही बाहेर पडला.

शिकलेल्या हायेत तुम्ही. हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं, माय, तुझ्या तोंडून.

मी दहावीची परीक्षा देऊन रिकामी होते. तू बियाण्याच्या प्लांटवर जायचीस, आणि सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून मलाही सोबत नेलंस. लांब पत्र्याचं शेड, मधोमध टेबलं, दोन्ही बाजूंनी तुम्ही बाया, आणि समोर मक्याच्या बियांचे ढीग. फुटकं बी एकीकडे, बारकं एकीकडे, चांगलं पुढं. धुळीनं नाक चोंदतं म्हणून सगळ्यांनी पदर तोंडाला बांधलेले. मला वाटलं होतं तिथे तुम्ही गप्प काम करत असाल. पण तिथे सिनेमा चालू होता. आठवड्याच्या सुट्टीला, बाजाराच्या दिवशी, बाकीच्या बाया मिळून तुला टॉकीजला धाडायच्या आणि पुढचा आठवडाभर तू तो सिनेमा सांगायचीस. सांगायचीस म्हणजे काय, नाचायचं तेवढं शिल्लक ठेवायचीस. हात बियांवर, डोळे बियांवर, आणि पदराआडून आवाज. टेंभुर्णीहून आपल्या गावात दिलेली ती मावशी तुझ्या समोर बसायची, ती दर थोड्या वेळानं विचारायची, ‘मंग पुढं काय करायचं हिचं?’

काय करायचं. काय झालं, असं ती विचारत नव्हती. मला तेव्हा हे ऐकू आलं नाही, आणि पुढे आयुष्यभर मी पोरांना भाषा शिकवत आले.

त्या आठवड्यातला सिनेमा मला अजून पाठ आहे. सासरच्यांनी खोटा आळ घेऊन सुनेला हाकललेलं. ती बंद फाटकाबाहेर पेटी घेऊन उभी. पहिले दोन दिवस तू तिला तिथवर आणलीस. तिसऱ्या दिवशी तू तिला तिथून हलवलीस. ती माहेरी गेली नाही, फाटकही वाजवलं नाही. स्टँडजवळ तिनं ड्रायव्हरलोकांसाठी खानावळ काढली. मावशी म्हणाली, ‘भाकरीची का चपातीची?’ तू म्हणालीस, ‘भाकरीची. आन वर ठेचा.’ दुसरी म्हणाली, ‘आन नवरा आला तर?’ तू म्हणालीस, ‘येऊ दे की. रांगेत बसंल आन जेवून जाईल.’ सगळं शेड हसलं. पलीकडे उभा असलेला सुपरवायझरसुद्धा हसला. आणि मला तो हसला म्हणून लाज वाटली. माझी माय सगळ्यांदेखत थापा मारते आणि लोक तिला हसतात, एवढंच मला दिसलं. मी उठून उभी राहिले आणि शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणाले, ‘असं काही नाहीये त्यात. ती परत घरी जाते आणि शेवटी सासूच्या पाया पडते. मी पाहिलाय तो सिनेमा. आई खोटं सांगतेय.’

तू वर पाहिलं नाहीस. तुझी बोटं तेवढी एकदा थांबली आणि पुन्हा चालू झाली. तू म्हणालीस, ‘बराबर आसंल तिचं. शिकलेली हाये ती.’ त्यात टोमणा नव्हता, माय. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, जेवायला बसले नसते आणि तू समजूत काढली असतीस. तुला खरंच माझा अभिमान वाटला होता, हे मला आज जास्त जाळतं. त्या दिवसापासून शेडमध्ये नुसता बियांचा आवाज राहिला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तू टॉकीजला गेली नाहीस, भाजी घेऊन घरी आलीस. नंतर कधीच गेली नाहीस. विचारलं की म्हणायचीस, ‘आता डोळे दुखतेत.’

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि मावशी माझ्याजवळ येऊन बसली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, आईला सिनेमाचा फार नाद होता ना. ती म्हणाली, ‘तुह्या मायनं एकबी शिनिमा पुरा पाह्यला न्हाई, बाई. तीनचा खेळ असायचा आन गावाकडचा टेंपो पाचला सुटायचा. इंटरवल झाली की पळत यायची. पुढचं समदं तिचं.’ मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी तिला ऊन कुठून येतं असं विचारलं होतं. ‘समद्यायला माहीत होतं. त्याच्यासाठीच तर धाडायचो तिला. टॉकीजवाल्याचं काय ऐकायचं? त्याच्यात बाई परत जाती न्हाईतर मरती.’

तेव्हा मी भांडी आवरायला उठले. वीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. आणि एवढं कळूनही, माय, मी काय केलं? सिनेमावर बोलायची खोली काढली आणि तिच्या दारावर नियम लावला.

तो मिलमधला माणूस गेला त्या संध्याकाळी मी तो बर्फाचा सिनेमा पुन्हा लावला. अक्षरांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि नुसती तोंडं पाहिली. ती सरकारी बाई निघताना म्हाताऱ्याचे वाटेत पडलेले बूट वाकून उचलते, जोडी नीट करते आणि भिंतीकडेला ठेवते. पहिल्यांदा पाहताना मला हे दिसलंच नव्हतं, मी खाली वाचत होते. परक्याच्या घरात असं कोण करतं? लेकच करते. त्यानं ते पाहिलं होतं. त्याला ते सांगायचं होतं, आणि मी त्याला बुटांपर्यंत पोहोचूच दिलं नाही. मी त्याला फोन केला. माझं नाव सांगितल्यावर तो घाईघाईनं म्हणाला, ‘न्हाई मॅडम, राग न्हाई, काहीच न्हाई. ड्युटी बदलली, रविवारी जमत न्हाई आता.’ मला त्याला बुटांचं सांगायचं होतं. मागं मशीनचा आवाज येत होता. मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. राग येतो माय, स्वतःचाच येतो, की एवढं बोलून पोट भरणाऱ्या बाईला नेमक्या वेळी दोन शब्द काढता येत नाहीत. आज सकाळी मात्र जाऊन दारावरचा नियम फाडून आले. खोली उघडायच्या आधी गेले, कुणाला भेटले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं? वहीत राहील. पण तुझा तो सुनेचा सिनेमा आता मोबाइलवर मिळतो, हे तुला सांगायचं होतं. काल दुपारी मी तो लावला. ती फाटकाबाहेर पेटी घेऊन उभी राहिली, इंटरवलची पाटी आली आणि मी तिथंच बंद केला. पुढे बघायचं धाडस होत नाही. म्हणजे ती परत जाते का, सासूच्या पाया पडते का, ते मला अजून माहीत नाही. त्या दिवशी शेडमध्ये उभी राहून मी जे सांगितलं ना, ते मला वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं होतं. मी तो सिनेमा पाहिला नव्हता, माय.