विकण्याआधीची दुरुस्ती

मंगळवार, ३ मार्च

टक्. बस्स, एवढंच. किल्ली फिरवली की टक् — आणि पुढे सामसूम. गाडी सात महिने मागच्या शेडमध्ये उभी आहे, दुसरं काय होणार! बॉनेट उघडायलाच अर्धा तास गेला. खटका कुठे असतो तेच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसले, पण आत कधी डोकावले नाही. ते यांचं खातं.

गिऱ्हाईक बावीस तारखेला येणार, रविवारी अकराला. फोटो स्टुडिओवाला आहे, जुन्या गाड्यांचा नाद. फोनवर म्हणाला, "चालू असेल तरच घेईन हं बाई. ढकलत न्यायची असेल तर भंगारवाल्याला सांगा." म्हणजे एकोणीस दिवस.

गाडी गेली की एप्रिलमध्ये आम्ही दोघं लेकीकडे, कायमचे. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण खाली गाडी ठेवायला जागा नाही. असं ठरलं आहे.

बुधवार, ४ मार्च

गॅरेजवाला येऊन बघून गेला. दात काढून हसला. "काकू, विकायचीच आहे ना? मग कशाला जीव घालवता?" त्याच्याकडे पंधरा तारखेपर्यंत हातात कामं. चार्जर तेवढा ठेवून गेला. "करा तुम्हीच. अडलं तर हाक मारा." असं म्हणाला की जसं काही मी करणारच नाही! शाळांचे गणवेश शिवत आले तेहतीस वर्षं, माझं शिवणयंत्र मीच खोलते, मीच जोडते. गाडी म्हणजे काय आभाळातून पडलीय?

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार चढला होता. गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश. खार निघाला. मग बॅटरी बाहेर काढायला लाल तारेला पाना लावला — तर मागून ठक् ठक् ठक्! हे स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर होते, चहाचा कप देऊन मीच बसवलं होतं. काठी फरशीवर आपटत होते. काठीनेच दाखवलं: काळी तार आधी.

ऑगस्टमध्ये झटका आला, त्यानंतर पहिल्यांदाच यांनी कशात लक्ष घातलं. उजवा हात तेव्हापासून पोटाशी दुमडलेला. पाय ओढत काठीने चालतात, न्हाणीघरापर्यंत आणि परत. बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेले. बोलण्यातला एकच शब्द उरला — बरं. चहा हवा? बरं. दुखतंय का? बरं. घराला आग लागलीय म्हटलं तरी बरं!

शुक्रवार, ६ मार्च

बॅटरी भरली. आता इंजिन फिरतं, पण पेटत नाही. घर्र घर्र घर्र, आणि हात जोडतं.

यांनी खुर्ची आत घ्यायला लावली, शेडमध्ये, थेट गाडीच्या नाकाशी. मग नाकपुड्या फुगवून दाखवल्या. मी टाकीचं झाकण काढून वास घेतला. पेट्रोल कसलं, जुन्या रंगाच्या डब्याचा वास! सगळं नळीने बाहेर काढलं. तोंडात दोनदा गेलं, अजून ओकारी येते. ताजं भरलं. तरी नाही. मग यांनी डाव्या हातात स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि लाकडी मुठीने हवेत ठोकून दाखवलं. कार्बोरेटरच्या वाटीवर तसं हळूच ठोकलं, आत काहीतरी अडकलेलं असणार. किल्ली फिरवली.

पेटली! शेडभर धूर, शेजारचे खोकत बाहेर. हे म्हणाले, "बरं!" यावेळी तो शब्द बरोबर जागी बसला.

शनिवार, ७ मार्च

लेकीचा फोन. खोलीला नवे पडदे लावलेत, बाबांचा पलंग खिडकीशी ठेवणार. "आई, बाबा खूश आहेत ना?" मी म्हटलं, आहेत.

जानेवारीत तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवायला सांगितलं होतं. "बाबा, येता ना आमच्याकडे राहायला?" हे म्हणाले, "बरं." ती तिकडे आनंदाने रडली. मीही हुश्श केलं. त्याच दिवशी सकाळी मी यांना विचारलं होतं, पाण्यात मीठ घालू की साखर, तेव्हाही 'बरं'च म्हणाले होते. सगळं माहीत असून मी तो होकार धरला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळायला नको होतं.

कारण दोनदा पडले न्हाणीघरात. दुसऱ्या वेळी उचलायला शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं, हे तसेच ओले, उघडे. मी बासष्टची आहे. माझी कंबर मला साथ देत नाही. माझ्या एकटीने होत नाही. लिहितानाही लाज वाटते, पण नाही होत.

सोमवार, ९ मार्च

दहा मिनिटं छान चालते आणि मग काटा लाल भागात. वाफ. बंद.

पाणी बघायला रेडिएटरच्या झाकणावर फडकं धरलं. हे ओरडायला लागले, "बरं! बरं! बरं!" मी म्हटलं, हो हो, उघडतेच आहे, धीर धरा जरा — आणि फिरवलं. उकळतं पाणी फसकन वर. मनगट भाजलं. नशीब तोंड बाजूला होतं.

"नको म्हणायचं असेल तर नको म्हणा ना!" मी किंचाळले. हे खुर्चीतून उठले, लंगडत आले आणि डाव्या हाताने बादलीतला तांब्या माझ्या मनगटावर ओतत राहिले. एक, दोन, दहा तांबे. डोळे भरले होते. माझेही. इतकी वर्षं एका छताखाली काढली, आणि यांचा 'नको' मला ओळखता आला नाही!

मंगळवार, १० मार्च

फोड आलेत. शिवण बंद, गाडी बंद.

गुरुवार, १२ मार्च

गाडी थंड असताना (शिकले!) खालची रबरी नळी चेपून पाहिली. वरून ठीक, खालून भेग. गॅरेजवाल्याने नवी दिली, ती घातली. तरी काटा वरच. मग यांनी नळीच्या तोंडाशी बोट ठेवलं आणि तिथून हलवेचनात. तिथे एक वाटीएवढा थर्मोस्टॅट असतो. पाणी तापलं की तो उघडतो आणि पाण्याला वाट देतो. काढला. पण बिघडलाय की नाही कळायचं कसं? हे सरळ स्वयंपाकघराकडे चालायला लागले. गॅसवर पातेलं ठेवायला लावलं, माझं दुधाचं! पाणी उकळलं, थर्मोस्टॅट आत सोडला. दोघं पातेल्यावर वाकून बघत बसलो. पाच मिनिटं झाली, ढिम्म. उघडलाच नाही.

नवा आणला, तोही आधी पातेल्यात टाकून बघितला. फुलासारखा उघडला. आता काटा मध्यावर, अर्धा तास झाला तरी मध्यावरच. जीव भांड्यात पडला. पातेलं मात्र गेलं.

शनिवार, १४ मार्च

व्यायामवाली बाई आली. रबरी चेंडू यांच्या उजव्या हातात दिला, यांनी पडू दिला. पुन्हा दिला, पुन्हा पडू दिला. तिसऱ्यांदा खोलीत कुठेतरी घरंगळत गेला, कुणी शोधला नाही. जाताना फाटकाशी मला म्हणाली, "काकू, सहा महिन्यांत हात परतला नाही तर मग फारशी आशा धरू नका. लेकीकडे जाताय ते उत्तम करताय."

ती गेल्यावर यांना शेडकडे जायची घाई. प्लग बदलले आम्ही. चारही, मीच. यांनी डाव्या हाताने टॉर्च धरला, उजेड बरोबर हवा तिथे. दोन शाळांचे गणवेश अडलेत, आणि मी प्लगच्या फटीत पातं घालून मापं घेतेय!

बुधवार, १८ मार्च

आज चालवली! लायसन्स पंचवीस वर्षं कपाटात पडून होतं, शिकवलं यांनीच होतं आणि भांडून सोडलंही यांच्यामुळेच. चौकापर्यंत गेलो नि परत आलो. हे शेजारच्या सीटवर. सगळा वेळ डावा पाय खाली दाबत होते. अहो, ब्रेक इकडे आहे! वळणावर मी गिअर चुकले तेव्हा डोळे मिटून घेतले. अगदी पूर्वीसारखा अपमान केला. मला हसू आवरेना.

ब्रेक डावीकडे ओढत होता. चाक खोललं. आतलं पिस्टन गंजून चिकटलेलं, ते गॅरेजवाल्याने करून दिलं. तोंडातून निघून गेलं त्याच्या, "काकू, गाडी झकास झाली की! आता कशाला विकता?" मी पाने पुसायला घेतले. यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

शनिवार, २१ मार्च

धुतली, पुसली, पॉलिश केली. दुपारभर हे चालवायच्या जागेवर बसून होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, साहेबांना नेलं-आणलं. ही एकच स्वतःची. चाकावर डावा हात. मी दोनदा चहा नेला.

संध्याकाळी अडलेले गणवेश पोचवायला गेले, दोन तास लागले. बॉनेट उघडंच ठेवलं होतं, आतलं पाणी वाळू दे म्हणून. आले तर हे पलंगावर, तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, "उद्या अकराला येणार ते." यांच्याकडून बरंसुद्धा नाही.

रविवार, २२ मार्च

सकाळी बॉनेट मीच लावलं. फोटोवाला बरोबर अकराला हजर, पांढरे बूट घालून. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खूश. "लावा बघू चालू."

घर्र घर्र घर्र. नाही. पुन्हा. नाही. काल दुपारी पहिल्या झटक्यात लागत होती! बॅटरी बघितली — ठीक. पेट्रोल येतंय. प्लगची तार काढून पत्र्याजवळ धरली — ठिणगीच नाही. हात काळे, घाम, आणि तो घड्याळ बघतोय. शेवटी गॅरेजवाल्याला हाक मारली. त्याने इंजिनच्या कडेला असलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा खटाखट काढल्या, तारांसकट टोपण उचललं आणि शीळ घातली.

"काकू, आत रोटरच नाही! हा फिरला तर ठिणगी वाटली जाणार. काढलाय कुणीतरी." मग स्वतःच म्हणाला, "जुने ड्रायव्हर करायचे असं. परक्या गावात गाडी ठेवायची तर रोटर काढून खिशात. कुणी नेऊच शकत नाही मग."

त्याने हे सहज सांगितलं. आम्ही दोघांनी वळून दाराकडे मात्र पाहिलं. हे खुर्चीवर होते, काठीवर हनुवटी टेकून. गॅरेजवाल्याने टोपण नुसतं वर ठेवलं आणि काम आठवल्यासारखं करून निघून गेला. फोटोवाला म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो." मी म्हटलं, कळवते.

यांचा सदरा बदलताना खिशात सापडला. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन आठवडे! भाजलेलं मनगट! तोंडात गेलेलं पेट्रोल! सगळं बोलून घेतलं. हे ऐकत राहिले.

मग मी पलंगावर बसले. तळहातावर रोटर ठेवला आणि जानेवारीत विचारायला हवं होतं ते विचारलं. "अहो, तुम्हाला जायचं नाही ना?"

यांनी रोटर उचलला आणि परत खिशात ठेवला.

लेकीला फोन केला. चिडली, रडली, "तू एकटी कशी करशील आई?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. भीती वाटते. पण यांना विचारल्याशिवाय यांचं घर हलवणार होते मी, त्याची जास्त वाटते.

सोमवार, २३ मार्च

यांनी आपणहून रोटर दिला. बसवला. टोपण लावायला गेले तर नुसतं ठेवून राहत नाही, तारांच्या ओढीने तिरकं होतं. एका हाताने जोर लावून खाली दाबून धरायचं आणि तेव्हाच दुसऱ्या हाताने क्लिप ओढून चढवायची. उजवा हात पाठीमागे धरून, यांच्यासारखं एका हाताने करून बघितलं. सहा वेळा बघितलं. नाही जमत. कुणालाच जमणार नाही. शनिवारी घरात हे एकटेच होते — आणि काल गॅरेजवाल्याने उघडलं तेव्हा दोन्ही क्लिपा घट्ट चढवलेल्या होत्या.